चौतिसावा बिंदू

पॉवर सिस्टीमच्या लॅबमध्ये सहा संगणक,
त्यातले चार चालू.
लाईट गेली की नागनाथमामा दारात येऊन हसतात,
"विजेचीच पोरं ना तुम्ही? आणा की मग."

विष्णुपुरी. एम.टेक.चं दुसरं वर्ष.
नऊजण होतो, पाच उरलो.
दोघं तलाठी झाले, एक पुण्याला बॅटरीच्या कंपनीत.
रुबिनाचं लग्न झालं; ती अजून मेसेज टाकते,
"उलटला का गं तुझा मॅट्रिक्स?"

विद्यावेतन बारा हजार चारशे,
तीन महिन्यांचं एकदम येतं,
आलं त्याच दिवशी मेसच्या वहीत जातं.

सगळे घेतात तोच नमुना मीही घेतला होता:
तेहतीस बिंदूंचं जाळं,
कुठल्याशा परदेशी शोधनिबंधातलं.
प्रत्येक तारेचा रोध तयार, प्रत्येक बिंदूचा भार तयार,
आणि एकाही बिंदूला नाव नाही.
मुदखेडकर सर म्हणाले, चालेल.
मीच म्हणाले, नको सर, आमच्याकडचा फीडर घेते.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"खरा फीडर घेशील तर कटकटही खरी येईल."

आली.
कंधारला उपविभागात तीन चकरा, दोन अर्ज,
कॉलेजचं शिक्क्याचं पत्र.
चौथ्या खेपेला कपाटावरून नकाशा उतरला,
घडीत पालीची अंडी.
मी बोटानं चालत गेले:
उपकेंद्र, दालमिल, शाळा, पाण्याची टाकी, गाव.
तिथं रेघ संपली.
मोजले तर बिंदू नेमके तेहतीस.
"पुढं?"
"पुढं लाईनच नाही मॅडम,"
कनिष्ठ अभियंता म्हणाला. माझ्याच वयाचा, चांगला पोरगा,
चहा सांगितला होता त्यानं.

पुढं माझं घर आहे.
सव्वा किलोमीटर, सतरा खांब,
त्यातले चार लाकडी, बा आणि पेमाकाकानं रोवलेले.
बिल येतं आम्हाला. तेही वेळेवर.
त्याच्याच पेन्सिलीनं मी रेघ वाढवली
आणि टोकाला आकडा घातला, चौतीस.

तो बिंदू जोडला आणि प्रोग्राम बसेना.
शंभर फेऱ्या, पाचशे फेऱ्या,
उत्तर नुसतं झोके घेत राहिलं.
तिसऱ्या रात्री सापडलं:
किलोवॉट लिहायचं तिथं मेगावॉट लिहिलं होतं मी.
तीन रात्री मी तांड्याला
अर्ध्या नांदेडाएवढी वीज देत बसले होते.
एकटीच हसले, मामांनी डोकावून पाहिलं.

शून्यं पुसली. सात फेऱ्यांत बसला.
चौतिसावा बिंदू: पॉईंट सात शून्य चार.
गुणिले दोनशे तीस.
एकशे एकसष्ट पॉईंट नऊ.

रात्रीचे पावणेनऊ. थावराला फोन लावला.
दिवाळीत मल्टीमीटर दिला होता त्याला,
"लाल वायर कुठंय? घाल बोर्डात. वाच."
"एकशे... एकशे बासष्ट."

मी टेबलावर थाप मारली,
जुळलं रे जुळलं, असं ओरडले.
पलीकडं सगळं गप्प.
मग मागून याडीचा आवाज,
"काय जुळलं? गिरणी तर ओढंना झालीय कधीची,
बल्ब बघ, गाजरासारखा लाल."

टाळ्या वाजवलेले हात
मी कुठं ठेवू ते कळेना.
सरांना मेल लिहिला, त्रुटी शून्य पॉईंट शून्य सहा टक्के,
सरांनी उत्तरात लिहिलं, उत्तम.
याडीनं फोन स्वतःकडं घेतला:
"आता वाढंल का गं लाईट?"

म्हटलं, नाही याडी. आता फक्त
किती कमी आहे ते नक्की झालंय.

"ते तर मला ठावं होतं," ती म्हणाली.
"जेवलीस का?"