चार पदर

भुसावळला मे महिन्यात सावलीसुद्धा चटका देते,
आणि मी हॉलमध्ये समुद्र ठेवलाय.
तीन फूट बाय दीड. काचेचा.
मीठ बादलीने विकत आणतो म्हटल्यावर
वरच्या मजल्यावरचे फेगडेकाका हसले होते :
'आपलं बोअरचं काय गोड आहे का भो?'

जुनी हॅलाइड उतरवली.
अडीचशे वॅटची, सात वर्षं तापलेली.
तिच्याखाली पाणी तिशीकडे सरकायचं
आणि प्रमिला फ्रीजमधून बर्फ झालेली बाटली काढून
न बोलता पाण्यात सोडायची,
तापल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशी.
छतावर दिव्याच्या आकाराचा पिवळट डाग तेवढा राहिलाय.

नवी एलईडी पाटीएवढी. काळी. निवांत.
टांगायला चौकट कासम तडवीने जोडून दिली.
पैसे घेताना विचारलं, 'मासे विकणार?'
नाही म्हटलं.
'खाणार?'
तेही नाही.
त्याने पन्नास रुपये कमी घेतले.

मी लोको शेडमधला माणूस.
पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली चोवीस वर्षं गेली.
इंजिनाच्या टपावर चढण्याआधी
अर्थिंग तीनदा बघतो.
आणि घरी, चहाचा कप हातात धरून,
मोबाइलवरची पट्टी बोटाने थेट सत्तरवर नेली.

काय दिसलं म्हणून सांगू.
झोआ, ती शर्टाच्या बटणाएवढी फुलं,
त्यांच्या कडा हिरव्या पेटल्या.
मशरूम पोवळ्याच्या अंगावर
निळे ठिपके होते, सात वर्षं होते,
आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.
प्रमिला पोळपाट सोडून आली,
पिठाचे हात अंगापासून लांब धरून उभी राहिली.
तव्यावरची पोळी करपली.

चौथ्या दिवशी झोआ मिटले.
मशरूम आक्रसून हरभऱ्याएवढं झालं,
रंग सोडू लागलं.

पोवळ्याच्या पोटात एक भाडेकरू असतो,
डोळ्यांना न दिसणारं शेवाळ.
तोच उजेड शिजवतो, दोघांचं भागवतो.
उजेड फार झाला की मालक त्याला
बाहेर काढतो
आणि रिकाम्या घरात उपाशी बसतो, पांढरा.

प्रमिलाने बोटातली अंगठी फिरवली.
मंगळासाठी जळगावहून घेतलेलं पोवळं, लग्नाआधीचं.
'हे बरं,' म्हणाली, 'याला काही लागत नाही.'

पट्टी चाळीसवर आणली. तरी भरवसा वाटेना.
रात्री मेहुण्याला फोन लावला. टोपलूभाऊ, सावद्याचा,
टिश्यू कल्चर केळीची नर्सरी.
समुद्र त्याने एकदाच पाहिलाय,
म्हणजे फोटो आहे, त्यात तो पाठ करून उभा.
सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,
'रोपाले एकदम ऊन दाखोलं त जयतं भो.
बाटलीतलं पोर ते. त्याले काय माहीत मे महिना?'
सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या सीटमागे
हिरव्या शेडनेटची गुंडाळी आली,
सोबत, न मागता, फणीभर केळी.

आता टाकीवर नेटचे चार पदर.
दर रविवारी एक काढायचा.
पट्टीला हात लावायचा नाही.

पहिल्या रविवारनंतर
मशरूम पसरलं, असं प्रमिला म्हणते.
मला तसं वाटत नाही.
दुसऱ्यानंतर दोन झोआ उघडले, एक अर्धा,
तोही लाइट गेली तेव्हा घाबरून मिटला.
इन्व्हर्टरवर फक्त पंप चालतो,
अंधारात पाणी फिरत असतं, आम्ही दोघं
आवाजावरून सगळं ठीक आहे असं धरून चालतो.

काढलेले पदर गच्चीवर गेले,
बिबड्यांवर, कावळे येऊ नयेत म्हणून.
टाकीचे तुषार उडून त्यांना पांढरं मीठ धरलंय,
ते प्रमिलाने झटकलं नाही.

हा तिसरा रविवार होता.
नेटचं टोक हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो,
मग परत सरळ करून ठेवलं.
बुधवारी बघू.