फळ्यांखाली बर्फ

मैदान आम्हीच अंथरतो.
मंगळवारी रात्री हॉकीवाले गेले की
बर्फावर आधी काळे तक्ते, त्यावर मेपलच्या फळ्या,
सव्वादोनशे, प्रत्येकीच्या पाठीवर नंबर.
एक नंबर चुकला तर फ्री थ्रोची रेघ वाकडी जाते,
हे मला बावीस वर्षांपूर्वी ऑर्व्हिल टेस्कीनं सांगितलं,
त्यानंतर त्यानं मला फारसं काही सांगितलं नाही.

बुधवार, सकाळचे अकरा. आठवा विरुद्ध नववा.
गारठा फळ्यांतून वर येतो;
बाकावरची पोरं बूट टॉवेलवर टेकवून बसतात.
सहा हजार खुर्च्या, माणसं चारशे,
त्यातली निम्मी कुणाची ना कुणाची आई.
बँडमध्ये नऊ जण. ट्रॉम्बोनवाली मुलगी
टाइमआउट संपला की रसायनशास्त्राचं पुस्तक उघडते.

मोठ्या कॉन्फरन्सच्या पोरांना
हरल्यावरही पुढचं बोलावणं येतं.
आमच्याकडं एकच आमंत्रण, जिंकेल त्याला.
नोव्हेंबरपासून बसमध्ये आखडलेले गुडघे,
पेट्रोलपंपावरची रात्रीची जेवणं,
सगळं या चार दिवसांत वटतं, नाहीतर बुडतं.

नववा जिंकला.
गुरुवारी पहिल्या नंबरला हरवलं.
शुक्रवारी दोन ओव्हरटाइम.
एका दिवसाचेच कपडे आणले होते त्यांनी.
मध्यरात्री लाँड्रीत त्यांचा मॅनेजर पोरगा, नीगार्ड,
तेरा ओल्या जर्सी मांडीवर घेऊन बसला होता,
ड्रायरसाठी सुटे नव्हते.
मी चार नाणी दिली.
म्हणाला, परत करीन.
म्हटलं, राहू दे रे.

शनिवारी खुर्च्या भरल्या. कुठून आली एवढी माणसं!
पडद्यामागं मी शिडी धरून उभा,
खिशात कात्री, शेजारी टोप्यांची दोन खोकी,
दोन्हींवर 'विजेते' छापलेलं, संघ वेगवेगळे.
एकानं मागं, दीड सेकंद उरलेला,
आणि रेघेवर तेवॉन प्रूइट, चार वर्षांचा जुना,
उद्यापासून कुठल्याच संघाचा नसलेला.
दोन फ्री थ्रो.
पहिला कडेवरून फिरून बाहेर आला.
दुसरा तर कडेलाही लागला नाही.

रेघ सरळ होती.
मी पडद्याच्या फटीतून पाहिली,
नंतर वाकूनही पाहिली.

शिडी नेली. त्या दुसऱ्या पोरांनी जाळी कापली,
एकेक दोरा कानामागं खोवला.
एक खोकं फुटलं.
दुसरं तसंच, चिकटपट्टीसकट,
मी मागच्या धक्क्यावर ठेवून आलो.
तिथून ते कुठं जातं, मी कधी विचारलं नाही.

रात्री बाराला आम्ही फळ्या उचलायला घेतल्या.
नीगार्ड आला, ओला कोट, मूठ मिटलेली.
चार नाणी.
बस बाहेर घरघरत होती.
"कुठली हो ती फळी?" त्यानं विचारलं.
एकशे अकरा. दाखवली.
तो उकिडवा बसला, तळवा टेकला,
मग चटकन काढून घेतला.
"गार आहे," म्हणाला.
"असतेच," म्हटलं.
दुसऱ्या टोकाला धरून त्यानं ती
माझ्याबरोबर गाड्यापर्यंत उचलून आणली.

उद्या सहाला आठ वर्षांखालच्यांची हॉकी आहे.
त्यांना बर्फ मोकळा लागतो.