शेरा

बुद्धपौर्णिमेला दुपारी चार वाजता
येऊरच्या फाटकाशी नावं पुकारली गेली.
मचाण क्रमांक सहा : मी, आणि जिवा वरठा, वनमजूर.
हातात एक तक्ता,
वेळ, प्राणी, संख्या, नर की मादी, शेरा.
घरत साहेब म्हणाले, अत्तर नको, भडक कपडे नकोत,
आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं.
मला सोपं होतं.
तीस वर्षं सहकारी बँकांची हिशेबतपासणी केलेली.
व्हाउचर नाही तर नोंद नाही.

पाणवठा म्हणजे सिमेंटची मोठी बशी,
एप्रिलपासून टँकरनं भरलेली.
"वरच्या अंगाला माझ्या बापानं झरा मोकळा केलेला," जिवा म्हणाला,
"आता मे महिन्यात त्यालाच तहान लागते."
मग बोट ओठांवर.

पाच पन्नास. मोर, एक, नर.
शेरा : लग्नातून परतणाऱ्या काकासारखा, शेला ओढत.
शेरा खोडला.
सहा वीस. वानरं, अकरा.
पोटाशी धरलेलं पिल्लू वेगळं मोजायचं का?
जिवानं मान हलवली : सुटेल तेव्हा.

अंधारलं, आणि कांडोळ उजळला.
अंगावर एक पान नाही,
चुना फासल्यासारखा उभा, कुणाची तरी वाट अडवून.
रातवा दगडावर दगड आपटल्यासारखा बोलत राहिला.
पलीकडच्या बंगल्यात कुणाची हळद होती,
तिच्या ढोलाला तक्त्यात रकाना नव्हता.
फांद्यांच्या फटीतून खाली इमारती,
त्यातली एक आमची.
बाराव्या मजल्यावर न्हाणीघराचा दिवा मीच विसरलेला.
तिथून वीस वर्षं चहा पिताना हा डोंगर बघितला,
धुतलेला पडदा वाळत घातल्यासारखा, सपाट.
त्याला पोट असेल,
पोटात असे खळगे, असा गारवा, हा पाचोळ्याचा आंबूस वास,
हे त्या खिडकीतून कधी कळलं नाही.

सव्वा अकरा. सांबर, दोन, माद्या.
आधी कान आले, मग बाकीच्या.
पाण्याला तोंड लावलं नाही.
उभ्या होत्या,
आणि मग नव्हत्या.
जिवानं माझी बाही चिमटीत धरली आणि सोडली नाही.

तीन चाळीस. चंद्रावर ढग.
लप्.
लप्. लप्.
घाई नाही. घरच्या माठातलं प्यावं तसं.
माझे डोळे उघडे होते, पण त्यांचा उपयोग नव्हता.
मी बासष्टपर्यंत मोजलं,
मग माझाच श्वास मध्ये आला आणि आकडा चुकला.
ढग सरकला तेव्हा
बशीच्या कडेला शेवटची लाट आपटत होती
आणि काठावर एक ओली जागा,
ताटाएवढी.

उजाडताना खाली उतरलो.
सिमेंटवर पंजा उमटत नाही.
ओलही अर्ध्यावर वाळलेली.
"बिबट्या लिहू?" मी विचारलं.
"पाहिला का?"
"नाही."
"मग पाणी लिहा बाई. पाणी तर कमी झालंय."

तीस वर्षं मी लाल पेनानं विचारत आले,
रक्कम काढली गेली : कोणी?
मंजुरी दिली गेली : कोणी?
कर्ता लपवणाऱ्या वाक्यांखाली रेघा मारून
तीन व्यवस्थापक घरी बसवलेले.
तक्ता गुडघ्यावर ठेवला. तीन चाळीस.
प्राणी, कोरा. संख्या, कोरी. नर की मादी, कोरं.
शेऱ्यात लिहिलं :
पाणी प्यायलं गेलं.

घरत साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कोणी?"
जिवा चहाच्या पातेल्यात बघत होता, जणू ते उतू जाणार होतं.
मी सही केली, खाली वेळ घातली, सात दहा.
फाटकातून पांढऱ्या बुटांची पहिली माणसं
हात झुलवत चढावर येत होती,
मोठमोठ्यानं जागांचे भाव बोलत.