दोनशे नव्वदचं कपाट

वाळपईच्या वाचनालयात
दोनशे नव्वद या आकड्याखाली
जगातले सगळे देव दाटीवाटीनं राहतात.
म्हणजे राहत होते.

इनासिओ बोटीवर कुक होता.
निवृत्त झाला तेव्हा रिक्षातून दोन पेट्या आणल्या.
"बायको म्हणते, घरात एक आल्तार पुरे."
मी पावती फाडली : पुस्तकं एकेचाळीस.
बंदर लागलं की तिथल्या देवांचं एक पुस्तक,
वाचता आलं तर ठीक, नाहीतर चित्रांसाठी.
पिसाविरुद्ध काळीज तोलणारा कोल्हेतोंड्या,
रुसून गुहेत बसलेली सूर्यबाई,
मक्याच्या पिठातून माणूस मळणारे,
आणि महापूर, मोजून पाच.

मागणी नव्हतीच.
आमच्याकडे खपतात रहस्यकथा आणि लोणची-मुरांबे.
दहावीतली रुक्सार तेवढी
बस येईपर्यंत उभ्यानं वाचायची.
तीच म्हणाली, "मॅडम,
ह्या देवाच्या पोटातून मागचा देव दिसतो."

भोक होतं, करंगळीएवढं.
पहिल्या पुठ्ठ्यातून शिरून
एकेचाळिसाव्यातून बाहेर,
वाटेत एकही तळटीप न देता.
तौलनिक अभ्यासाच्या पेपरात मला बावन्न मार्क होते.
इथं तो अंधारात, तोंडानं, पुरा झालेला.

पाच जणांनी कपाट सरकवलं.
मागे कोपऱ्यात
तांबडं, ओलसर, माझ्या कमरेइतकं
वारूळ.
शेवंतीनं हातातली झाडू टाकली.
"आयली गे, माय."

आमच्या तालुक्यात वारुळाला देवी लागत नाही,
वारूळच देवी.
मी आकडे घालणारी बाई.
हिला कुठला घालू?
पाचशे पंच्याण्णव, कीटकांचा?
की दोनशेतलाच एखादा, शेजारच्यांना धरून?

दुसऱ्या दिवशी वर अबोलीचा वळेसर.
तिसऱ्या दिवशी समितीचा ठराव : औषध मारावे.
चौथ्या दिवशी म्हापशाहून नझीर, पाठीवर पंप.
वाकून बघितलं, पंप उतरवला.
"फुलं तुम्ही काढा. मग मी मारतो."
अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं,
मी शेवंतीकडे,
शेवंती बाहेर, जिथं कदंबा थांबते.
नझीरनं चहा घेतला,
जाण्यायेण्याचे पैसे घेतले, गेला.

इनासिओला कळवावंच लागलं.
आला. टोपी काढली,
माझ्यासाठी की वारुळासाठी, कळलं नाही.
पानं उलटत बसला. समासात त्याचीच पेन्सिल, रोमीत :
'इथला तांदूळ जाड.'
'ह्या देवाला मासे चालतात. बरा देव.'
एका पानावर :
'हे लोकही देवाला रात्री पाण्यापार नेतात, कारण'
आणि पुढं भोक.

"कारण काय?" मी विचारलं.
त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं.
"तेव्हा ठाऊक होतं."
मग म्हणाला, "आम्ही मूळ सासष्टीचे.
आमची एक अशीच गेली, झुआरीपलीकडं.
पपा वर्षाला एक नारळ पाठवायचे,
पिशवीत, वर पाव ठेवून,
पाद्रीला दिसू नये म्हणून.
पाद्री तो पाव मागून घ्यायचा.
नारळ कधी मागितला नाही."

पुस्तकं परत नेतोस का, विचारलं.
नको म्हणाला. घरी जागा नाही.

तर एकेचाळीस पुस्तकं मी वहीत
बाद न लिहिता
'बाहेर' लिहिली आहेत.
ऑडिटवाला विचारेल तेव्हा बघू.
कपाट दोन हात पुढं आहे, मागून शेवंतीपुरती वाट.
पावसात मातीचा वास विनोदी साहित्यापर्यंत येतो.

रुक्सार अजून येते.
हल्ली ते 'कारण' असलेलं पानच काढून बसते.
म्हणते, "मॅडम, तुम्ही सांगू नका."
बाहेर बस दोनदा हॉर्न देते.
तिची करंगळी
अजून भोकात.