विरजण

ऐरोलीच्या प्लांटवर रात्रपाळीला
नाक अर्ध्या तासात सरावतं,
मग उरते ब्लोअरची घरघर
आणि हसुराम मढवींची चहाची किटली.

शहराचं मूत इथे येतं.
टॉवरमधलं, चाळीतलं, हॉस्पिटलातलं;
पाइपात शिरलं की कुणाचं ते कुणी विचारत नाही.
मी ते बाटलीत धरते, थेंब टाकते.
जितका गडद पिवळा, तितका अमोनिया.
आकडा रजिस्टरात.

तिसऱ्या टाकीत हवा सोडायची नसते.
तिथे ते राहतात, तांबडे,
नाचणीच्या दाण्याएवढे गोळा होऊन.
अमोनिया खातात, नायट्राइट खातात
आणि वर सोडतात एक बुडबुडा,
त्याला वास नाही, रंग नाही,
आत्ता माझ्या छातीत आहे तीच हवा, बरीचशी.

एकाचे दोन व्हायला त्यांना पंधरवडा लागतो.
विजेचं बिल पाहून खूश झालेले साहेबही
म्हणाले होते, फार संथ आहेत हो.
हसुराम किटली खाली ठेवत म्हणाले,
मीठ कंदी एका दिसान पिकतं?
त्यांच्या बापाचं आगर होतं,
आता जिथे क्लॅरिफायर फिरतो तिथेच.

जानेवारीत व्हॉल्व्ह उघडा राहिला.
माझ्या हातून.
सकाळी टाकी राखाडी,
दोन वर्षांचं तांबडं रातोरात खाडीला मिळालेलं.
मी राजीनामा लिहून घडी घातली,
पुन्हा उघडला, त्यात ‘सविनय’ चुकलं होतं.

हसुराम स्टोअरमधून तेलाचा जुना कॅन घेऊन आले,
पाच लिटरचा, गोणपाटात गुंडाळलेला.
बुडाशी मूठभर तांबडं.
कधी काढून ठेवलंत? कुणी सांगितलं?
आय सांगाची, म्हणाले,
सगला दही कंदी खावाचा नाय.

मग आम्ही बसलो.
महिना गेला, आकडा हलला नाही.
दुसरा गेला.
साहेबांचे फोन हसुराम उचलायचे
आणि हवापाण्याचं बोलत राहायचे.
तिसऱ्या महिन्यात बॅटरीच्या उजेडात
टाकीच्या कडेला एक बुडबुडा दिसला,
मग बराच वेळ काही नाही,
मग दुसरा.

आज बाटलीतलं पिवळं इतकं फिकट निघालं
की मी चाचणी पुन्हा केली.
राजीनामा अजून ड्रॉवरमध्ये आहे,
त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
मी आकडे मांडते.

निघताना चार चमचे तांबडं कॅनमध्ये भरलं,
गोणपाट गुंडाळलं, तारीख घातली.
झाकण घट्ट लावू नको, हसुराम म्हणाले.
मी म्हटलं, माहीत आहे.
सैलच लावलंय.