सात फूट

जेल रोडला नवमुद्रा सोसायटी,
तीन मजले, चोवीस दारं.
माझ्या हातात लेझर मीटर, गळ्यात कंपनीचं कार्ड.
भिंतीला टेकवायचा, बटण दाबायचं,
समोर लाल ठिपका,
आणि खोली आकडा होऊन कागदावर.

सगळे आधी चहा विचारतात,
मग हळूच: ताई, आमची जरा जास्त निघेल का हो?
कुणी ग्रिल लावून ओटा गॅलरीत ढकललेला,
कुणाची जिन्याखाली सायकल, सायकलीमागे खाट,
खाटेवर अभ्यास करणारा भाचा.
हे धरत नाहीत, मी सांगते.
भाच्याकडे बघत नाही.

चेअरमन गायधनी सोबत होते मजलोमजली.
पस्तीस टक्के जादा देतोय बिल्डर, म्हणाले,
पार्किंग, दोन लिफ्ट,
आणि सातव्यावरून दसकच्या बाजूला नदी.
दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बोलत होते.
नदीपाशी आवाज साधाच होता,
लिफ्ट म्हणताना ओला झाला.

मग सतरा नंबर. शालन शेजवळ.
सही बाकी असलेली एकटीच.
नोट प्रेसमधून रिटायर, एकतीस वर्षं मोजणीत.
'घरी नोट एक आणली नाही.
आकडे तेवढे आले अंगाबरोबर.'
अंगठ्याला अजून रबरी टोपी असावी
तशी तिने माझी पानं उलटली.

चारशे अकरा, मी वाचलं.
'चारशे अठरा.'
मशीन आहे हो मावशी.
'आमच्याकडेही होतं मशीन.
त्याच्या मागे आम्ही बसायचो.'

तिने शिवणाच्या डब्यातून टेप काढला,
साठ इंची, एक टोक दोऱ्याने शिवलेलं.
दोघी गुडघ्यांवर.
टेप संपला की ती फरशीवर बोट ठेवायची,
मी तिथून पुढे.
'बोट उचलू नकोस. चूक तिथूनच आत येते.'

खालून घर वेगळंच दिसतं.
फ्रीजच्या पायाचा गंज,
कॉटच्या चार खुणा, कॉट नाही,
आणि माझा ठिपका जिथे पडला होता तो
भिंतीत बसवलेल्या कपाटाचा आरसा,
भिंतीच्या नऊ इंच पुढे.
रुंदी नऊ फूट चार इंच.
तिने तोंडीच गुणाकार केला.
सात.

मी खोडलं, नीट लिहिलं, पेन पुढे केलं.
ती म्हणाली, 'आता उरलेली तेवीस मोज.'
मावशी, तुमचं तर झालं.
'एक बंडल चुकलं की पूर्ण थप्पी फोडायची, पोरी.
नाही तर गेट उघडत नसे.'

तीन रविवार गेले.
नऊ घरांत चुका. सात घरांना वाढले,
दोघांचे कमी झाले, तेही तिने लिहायला लावले.
त्यात गायधनींचे तीन फूट.
त्या दिवशी ते लिफ्टविषयी
काहीच बोलले नाहीत.
ऑफिसात साहेबांनी विचारलं,
तू नक्की कुणाकडून आहेस?
मला पटकन सुचलं नाही.

तिने सही केली. टपोरी, नोटेवर असते तशी,
कुणालाही वाचता न येणारी.

आता तिथे पत्रे ठोकलेत हिरवे,
पत्र्यांवर हसणारं कुटुंब, त्यांच्यामागे धबधबा.
खड्ड्यात पंप लावलाय.
बिऱ्हाडं पांगली: कुणी उपनगर, कुणी आडगाव,
कुणी मुलाकडे, पाथर्डी फाट्यापुढे,
जिथे गेल्या वर्षापर्यंत द्राक्षांचे मांडव होते
आणि बसस्टॉपचं नाव अजून मळाच आहे.

काल रात्री तिचा फोन आला.
'भाड्याची जागा मिळाली. मालक साडेतीनशे म्हणतो.
मला तीनशे वीस दिसते.
रविवारी ये.
एकटीच्या बोटाने होत नाही.'