डबा क्रमांक सात

जूनमध्ये कोय फोडून बाहेर आला,
कलमाच्या सालीत एक भेग शोधली
आणि पाय पोटाशी घेतले.
तेव्हापासून सोंड्या भुंगा तसाच.
टाचणीने ढोसला तरी पडून राहतो.
दाजी कुबल म्हणतात, "मेलो नाय तो. निजलो हा."

माझं काम दिव्यांचं.
संशोधन केंद्राच्या मागच्या खोलीत बारा डबे,
आतून काळा रंग, प्रत्येकात वीस भुंगे, एक बल्ब.
कुणाचा दिवस किती लांब
ते इंगवले मॅडम ठरवतात. मी खटका दाबते.
एक ते सहा : तेरा तास.
सातपासून पुढे : अकरा.
ऊब सगळ्यांना सारखीच, सत्तावीस अंश.

आपल्याकडचा दिवस तो वाढून वाढून किती वाढणार?
ज्येष्ठ आणि मार्गशीर्ष यांच्यात दोन तासांचं अंतर.
मला ते कळतं एवढंच, की सहा-पन्नासची एसटी
कधी उजेडात येते, कधी काळोखात.
याचं मोहरीएवढं डोकं, आणि हा मिनिटं मोजतो.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री
सात नंबरमध्ये खुडबुड झाली.
झाकण उचललं : चौदा जण उठलेले,
डब्याच्या भिंतीवर चढत, घसरत, परत चढत.
बाहेर श्रावण, पोफळींवरून पाणी निथळतंय,
आत मी मार्गशीर्ष करून ठेवलेला.
आता मोहोर कुठून आणू?
वहीत लिहिलं : चौदा.
मग पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिले.

पुढे खरा मार्गशीर्ष आला, थंडी आली नाही.
पहाटेसुद्धा पंखा लागायचा.
बागेतले भुंगे मात्र दिवस मोजूनच उठले,
आणि झाडांवर नुसती तांबूस पालवी.
दाजी मान वर करून त्यांना म्हणाले,
"थंडी इली नाय, तुमी कशाक इलात?"

एक कलम बघायचं राहिलं होतं. जेटीच्या वळणावरचं,
ग्रामपंचायतीने यंदा उभारलेल्या उंच दिव्याखालचं.
साल खरवडली.
तिथले सगळे अजून पाय पोटाशी घेऊन.
त्यांच्यावर रात्रभर, रोज, ज्येष्ठ जळत होता.

मॅडम म्हणाल्या, नोंद घे.
मी घेतली.
मग वर बघितलं. डोळे दिपले.
या दिव्याचा खटका
कुणाकडे आहे, ते दाजींनाही माहीत नव्हतं.